सहाशे चाळीस कार्डं

१

शनिवारी सकाळी मुलुंडच्या त्या कॉलेजातून ग्रंथालयाचा ट्रे नाहीसा झाला आणि मला बोलावणं आलं गुरुवारी. मधल्या दिवसांत तिथल्या शहाण्या माणसांनी एकमेकांकडे डोळे वटारण्यापलीकडे काही केलं नव्हतं.

ट्रे म्हणजे हातभर लांबीचा लाकडी खण. विद्यार्थ्याने पुस्तक नेलं की पुस्तकातलं कार्ड काढायचं, त्याच्या नावाच्या पुठ्ठ्याच्या तिकिटात खोचायचं आणि ट्रेमध्ये उभं लावायचं. पुस्तक परत आलं की कार्ड पुस्तकात, तिकीट विद्यार्थ्याच्या हातात. त्या ट्रेमध्ये सहाशे चाळीस कार्डं होती. ती गेल्यामुळे कोणतं पुस्तक कोणाकडे आहे हे कोणालाच सांगता येत नव्हतं, आणि तिकीट नाही म्हणून मुलांना नवं पुस्तक घरी नेता येत नव्हतं. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. हे सगळं चौऱ्याऐंशीच्या मार्चमधलं.

प्राचार्य काशीराम धुरी एके काळी घाटकोपरला माझ्या हाताखाली पुस्तकं लावायचा. मी तिथे चोवीस वर्षं ग्रंथपाल होते. आता तो प्राचार्य आणि मी निवृत्त, तरी मला बघून तो खुर्चीतून उठलाच.

"बाई, पोलीस नकोत. कॉलेजचं नाव पेपरात जाईल. तुम्हीच बघा."

"संशय कोणावर?"

"लवूवर. लवू तांबे, तिथला शिपाई. कपाटाचं कुलूप फोडलेलं नाही आणि चावी त्याच्याकडे असते. परवा शनिवारी कमिटीची मीटिंग आहे. त्याला कायम करायचं ठरलं होतं. आता काढायचं ठरतंय."

"चावी आणखी कोणाकडे असते?"

"खानोलकरांकडे. पण ते तर ग्रंथपाल आहेत, बाई."

हे त्याने अशा सुरात सांगितलं की मीच ओशाळले.

२

ग्रंथालयाच्या दाराशी एक दगडी पायरी आहे, नको तितकी उंच. मी तिला अडखळणार तेवढ्यात आतून आवाज आला, "बाई, पायरी बघा!" खाकी कपड्यातला, पंचेचाळिशीचा, गालफडं बसलेला माणूस धावत आला. हाच लवू. एकोणीस वर्षं कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम केलेला, संपात गिरणी गेली तेव्हा इथे हंगामी म्हणून लागलेला. ज्याची नोकरी दोन दिवसांत जाणार होती, तो माझ्या पायाची काळजी करत होता. मला तिथेच वाईट वाटलं, पण वाईट वाटलं म्हणून माणूस निर्दोष ठरत नाही.

आत मुलांसाठी जाळीची खिडकी. खिडकीखाली एक पेटी. बसून वाचायला पुस्तक हवं असेल तर मुलांनी पाचच्या आत चिठ्ठी टाकायची, दुसऱ्या सकाळी लवू पुस्तक काढून देणार. कपाटांपर्यंत मुलांना मज्जाव. खिडकीतून सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारा शब्द "नाही", हे मला पाच मिनिटांत कळलं.

ग्रंथपाल राजाराम खानोलकर माझ्याच वर्गातला. ग्रंथपालनाचा कोर्स आम्ही एका बाकावर बसून केला. त्याच्या केबिनचं दार बंद होतं. मी टकटक केली, आत कडी सरकली आणि मग दार उघडलं.

"ये, रत्नप्रभा. काशीरामला दुसरं कोणी मिळालं नाही?"

"तू होतास ना. तुला का नाही विचारलं?"

तो हसला नाही. लवूने चहा आणला, माझा ग्लास भरलेला आणि राजारामचा अर्धाच. राजारामने दोन्ही हात टेबलाखाली ठेवले होते. माझा चहा संपला तरी त्याने ग्लासाला हात लावला नाही. "गार करून घेतो," म्हणाला.

"शुक्रवारी काय झालं?"

"माझी सहायक सुगंधा चारलाच गेली, तिच्या आईला दवाखान्यात न्यायचं होतं. काउंटर मी सांभाळला. सहा वाजता ट्रे कपाटात ठेवून कुलूप लावलं. शनिवारी सात वाजता लवूने कपाट उघडलं, तर ट्रे नाही." मग त्याने एक जाड वही माझ्यापुढे ढकलली. "त्याची कारकीर्द बघ."

ती शेऱ्यांची वही होती. कर्मचाऱ्याची चूक, तारीख, चुकणाऱ्याची सही, साक्षीदाराची सही. एकसष्ट सालापासून एकही शेरा खोडलेला नव्हता. हंगामी माणसाचे तीन शेरे झाले की तो घरी. लवूचा पहिला शेरा: 'चुकीच्या विद्यार्थिनीस तिकीट दिले. इंग्रजी नावे वाचता येत नाहीत.' दुसरा, जानेवारीतला: 'एक कार्ड जमिनीवर पडलेले आढळले.' आणि तिसरा, गेल्या शनिवारचा: 'ट्रे हरवला.'

शेवटचे दहाबारा शेरे गोल, टपोऱ्या अक्षरात होते. राजारामचं अक्षर मी पस्तीस वर्षं ओळखते, बारीक आणि तिरकं.

"हे तुझं अक्षर नाही."

"सुगंधा लिहिते हल्ली. मी सांगतो, ती लिहिते. मला वेळ नसतो."

मी उठले. माझ्या पाठीमागे पुन्हा कडी लागली.

३

लवूला मी पुस्तकांच्या खोलीत गाठलं.

"मी हात नाय लावलंय, बाई. खरा सांगतंय. शुक्रवारी साहेबांनी मला वरच्या मजल्यावरच्या खिडक्या लावायला धाडलं. खाली आलो तर साहेब कपाटाला कुलूप घालत होते. शनिवारी उघडलं आणि मीच बोंब मारली. चोर कधी बोंब मारतो काय?"

"मारतो कधी कधी."

त्याने हातातलं पुस्तक जागेवर ठेवलं. मग हळूच म्हणाला, "भांडुपला बायकोला, मालनला, अजून सांगितलं नाय. गिरणी गेली तेव्हा ती दोन दिवस जेवली नव्हती. आता परत कसं सांगू?"

सुगंधा कांबळे सहायक ग्रंथपाल. सत्तावीस वर्षांची, पदवीवर ग्रंथपालनाचा कोर्स केलेली आणि घरातली पहिली शिकलेली मुलगी. परत आलेल्या पुस्तकांचा ढीग तिच्या टेबलामागे होता, प्रत्येकात चिठ्ठी: पुस्तकाचा नंबर, विद्यार्थ्याचं नाव आणि 'तिकीट बाकी'. मी तिला सगळ्या चिठ्ठ्या नंबराने लावून मागितल्या. एकशे बारा चिठ्ठ्या तिने माझ्याशी बोलता बोलता दहा मिनिटांत लावल्या. बोटं काय चालतात पोरीची!

"लवूने केलं असेल?" मी विचारलं.

"नाही, मॅडम."

"मग कोणी?"

"मला माहीत नाही." मग जाळीकडे बघत म्हणाली, "इथे काही पडलं ना, मॅडम, की आधी सगळे केबिनच्या दाराकडे बघतात. पडलेलं मग उचलतात. माझे अकरा शेरे आहेत. शेवटचे माझेच मी लिहिलेत."

"ते दार नेहमी बंद असतं?"

"छे! सर दार उघडं टाकून आमच्यावर नजर ठेवायचे. हे शनिवारपासून."

तिसरे होते प्राध्यापक चंद्रप्रकाश सामंत. त्यांच्याकडे एकतीस पुस्तकं आठ वर्षं पडून होती आणि ट्रे गेल्याचा खरा आनंद झालेला तो एकच माणूस. "गेला तर गेला! नवीन सुरुवात करा," ते मला म्हणाले आणि चक्क शीळ घालत निघून गेले. त्यांच्यावर माझा फार जीव जडला होता, गुन्हेगार म्हणून. पण चावी नव्हती त्यांच्याकडे, आणि शुक्रवारी दुपारपासून ते नाशिकला होते.

मी चपला घालून निघाले. गेटपाशी एक मुलगी माझी वाट बघत उभी होती.

"तुम्ही ट्रेचं बघताय ना? माझं तिकीट मला परत मिळालंय."

४

तिचं नाव शकू पेडणेकर. आर्ट्सच्या दुसऱ्या वर्षाला. सोमवारी तिने तर्कशास्त्राचं पुस्तक परत केलं, तिकीट मिळालं नाही. बसून वाचायला दुसरं पुस्तक मागवलं, तर मंगळवारी त्याच्या पानांत तिचं हरवलेलं तिकीट.

"कोणाला बोलली नाहीस?"

"उगाच माझ्यावरच आलं असतं ना! पण मी एकटी नाही. आणखी आहेत."

मी तिला कँटीनमध्ये बसवलं आणि तिने एकेकाला पकडून आणलं. सहा वाजेपर्यंत सात जण झाले. सगळ्यांची गोष्ट तीच. पुस्तक परत केलं, तिकीट नाही, दुसरं पुस्तक मागवलं, त्यात तिकीट. याचा अर्थ ट्रे इमारतीबाहेर गेलाच नव्हता, आणि ज्याने लपवला तोच मुलांची तिकिटं गुपचूप परत करत होता. असला चोर मी जन्मात पाहिला नव्हता.

मी प्रत्येकाने परत केलेल्या पुस्तकाचा विषयावरून पडलेला नंबर आणि तिकीट मिळालेला दिवस लिहून घेतला. मंगळवारी तिकीट मिळालेले दोघे: १५० आणि १६०, मानसशास्त्र आणि तर्कशास्त्र. बुधवारी दोघे: ३०१ आणि ३२०, समाजशास्त्र आणि राज्यशास्त्र. आज तिघे, तिन्ही ३३०, अर्थशास्त्र. गणित, रसायन, मराठी साहित्य, इतिहास यांपैकी कोणालाच तिकीट नाही. आणि सुगंधाच्या ढिगात निम्मी पुस्तकं मराठी साहित्याची होती.

मी कागदाकडे बघत राहिले. कँटीनवाल्याने टेबल पुसलं तरी मला कळलं नाही.

५

या ग्रंथालयात कार्डं पुस्तकाच्या नंबराने लावायची पद्धत होती. लावलेल्या ट्रेमधून कोणतंही कार्ड चुटकीसरशी निघतं. मग शंभरवाल्यांना मंगळवारी आणि तीनशेवाल्यांना बुधवार-गुरुवारी का? उत्तर एकच. ट्रे लावलेला नव्हता. तो विस्कटला होता आणि कोणीतरी पहिल्यापासून पुन्हा लावत होतं. आधी शंभर-शंभरचे गठ्ठे, मग एकेक गठ्ठा. जसा गठ्ठा लागेल तशी त्यातली तिकिटं वाट बघणाऱ्या मुलांना मिळत होती.

म्हणजे चोरी नव्हतीच. ट्रे हातातून पडला होता.

आता पडला कोणाच्या हातातून? लवू नंबर वाचतो, पण तिकिटांवर आणि चिठ्ठ्यांवर नावं इंग्रजीत. ती त्याला वाचता येत नाहीत, हे खुद्द शेऱ्यांच्या वहीत लिहिलेलं होतं. नावं वाचल्याशिवाय योग्य मुलाच्या पुस्तकात योग्य तिकीट जाणार नाही. सुगंधाला वाचता येतं, पण तिने सहाशे चाळीस कार्डं एका दुपारी लावून टाकली असती. हा माणूस पाच दिवसांत अर्ध्यावरही आला नव्हता. काम शिकलेला आणि तरी इतका हळू.

गठ्ठे पाडायची ती रीत आम्हाला कोर्समध्ये शिकवली होती. बाकावर माझ्या शेजारी कोण बसायचं, हे मला आठवायचं नव्हतं तरी आठवलं. अर्धाच ग्लास चहा, टेबलाखालचे हात, दुसऱ्याच्या अक्षरातले शेरे, शनिवारपासून लागलेली कडी.

मनातून वाटत होतं, माझी चूक निघो. म्हणून मी खात्री करायची ठरवली. चारशेच्या, म्हणजे भाषाशास्त्राच्या, पुस्तकांना तिथे कोणी हात लावत नाही. म्हणजे पुढची पाळी गणिताची, पाचशे दहाची. ढिगातल्या चिठ्ठ्यांवर गणिताचं एकच नाव होतं, मीरा गायकवाड. मीराने पेटीत संख्याशास्त्राच्या पुस्तकाची चिठ्ठी पाचच्या आत टाकलेली होती, हे शकूने धावत जाऊन विचारून आणलं. पाचनंतर ती पेटी आधी राजारामच्या केबिनमध्ये जात असे.

शुक्रवारी सकाळी सातला मी लवूबरोबर आत शिरले आणि त्याला पाणी भरायला पाठवलं. संख्याशास्त्राच्या कपाटाआड स्टुलावर बसले. सव्वासातला पावलं वाजली.

६

पावलं कपाटापलीकडे थांबली. फटीतून मला फक्त हात दिसला. हातात तिकीट होतं आणि हात थरथरत होता, थंडी वाजल्यासारखा. दुसऱ्या हाताने पुस्तक ओढलं. तिकीट पानांत घालायचा प्रयत्न केला, एकदा, दोनदा. तिकीट खाली पडलं. तो वाकला आणि गुळगुळीत फरशीवरून ते पुठ्ठ्याचं तिकीट त्याच्या बोटांना उचलेना.

मला बघवेना. "राजाराम, थांब. मी उचलते."

तो दचकला नाही. गुडघ्यावर तसाच बसून राहिला.

"किती दिवस आहे हे?"

"दिवाळीपासून. डॉक्टर म्हणतात, वाढत जाणार." त्याने हात धोतरात लपवले. "शुक्रवारी ट्रे उचलला आणि गेला हातातून. सगळी कार्डं जमिनीवर. वर लवू खिडक्या लावत होता."

"हाक मारायची होतीस. दोघांनी तासाभरात लावली असती."

"कोणत्या तोंडाने? एक कार्ड पडलं म्हणून जानेवारीत मी त्याच्यावर शेरा मारला होता. माझी सहाशे चाळीस पडली होती."

सगळी कार्डं त्याने केबिनच्या कपाटात भरली होती. वाटलं, शनिवारी लवकर येऊन लावू. पण शनिवारी लवू त्याच्या आधी आला आणि ओरडला, प्राचार्य धावत आले, आणि राजारामच्या तोंडून निघालं की मी तर कुलूप लावलं होतं.

"तिकिटं का परत देत होतास?"

"मुलं खिडकीशी उभी राहतात. दाराआड सगळं ऐकू येतं, रत्नप्रभा. एक मुलगी रडत होती."

"आणि लवू? उद्या कमिटी आहे."

"त्याच्या आत ट्रे लावून कुठेतरी ठेवला असता. सापडला म्हटलं असतं. मग त्याचा शेरा खोडला असता."

"तुझ्या वहीत तेवीस वर्षांत एक शेरा खोडलेला नाही. आणि आज शुक्रवार आहे. तू पाचशेवर आहेस."

मला संताप आला होता आणि त्याची कीवही येत होती, दोन्ही एकदम. माझ्या हाताखालच्या माणसांनी तरी मला अशा वेळी हाक मारली असती का, याची मला खात्री नव्हती.

तेवढ्यात मागे भांडं ठेवल्याचा आवाज झाला. पाण्याची कळशी खाली ठेवून लवू उभा होता. किती वेळ, देव जाणे.

७

लवू ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "साहेब, कार्डं खंय हत?"

केबिनमधून त्याने आणि तेवढ्यात कामावर आलेल्या सुगंधाने गठ्ठे बाहेर आणले. एका कोपऱ्याला तडकलेला ट्रेही आणला. सुगंधा नंबर वाचायची, लवू लावायचा. उरलेली सगळी कार्डं एक तास दहा मिनिटांत लागली. मी घड्याळ लावून बसले होते. राजाराम खुर्चीत बसून ते बघत होता आणि मला वाटतं, तीच त्याची शिक्षा होती.

मग त्याने वही मागवली. "सुगंधा, लिही. ग्रंथपाल रा. म. खानोलकर यांच्या हातून ट्रे पडला. त्यांनी तो लपवला आणि दोष ल. तांबे यांच्यावर येऊ दिला."

सुगंधाने लिहिलं. तिचा हात एकदाच थांबला, शेवटच्या शब्दांपाशी. राजारामने सही केली. ती सही आहे हे मी सांगितलं म्हणून कळेल. साक्षीदाराच्या जागेवर बोट ठेवून त्याने वही लवूकडे सरकवली.

लवूने पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं.

"साहेब, माझ्यावर शेरा लिवताना हात नाय थरथरला तुमचा?"

"थरथरत होता," राजाराम म्हणाला. "म्हणूनच तिच्याकडून लिहून घेतला."

लवूने सही केली.

शनिवारी कमिटीने लवूला कायम केलं. काशीरामने मला विचारलं, आता इथे काय बदलू? मी म्हटलं, ती जाळी काढ, मुलांना कपाटांपर्यंत जाऊ दे, आणि वही माळ्यावर टाक. जाळी निघाली. वही सुगंधाने माळ्यावर टाकली नाही. उरलेल्या कोऱ्या पानांच्या तिने मुलांसाठी चिठ्ठ्या कापल्या.

राजारामचे निवृत्तीला दोन महिने राहिले होते. ते त्याने पुरे केले. सुगंधा मला सांगायची की रोज सकाळी लवू स्वतः ट्रे उचलून साहेबांपुढे ठेवतो, ते नंबर सांगतात, हा कार्ड काढतो. चहाचा ग्लास अर्धाच भरतो आणि तोंडापर्यंत जाईस्तोवर खालून हात धरतो. पण त्या शुक्रवारपासून साहेबांशी तो एक शब्द बोललेला नाही. विचारलं तर म्हणतो, काम करतो ना, मग झालं.

मेच्या शेवटच्या दिवशी निरोपाला मीही गेले. भाषणं झाली, नारळ झाला. राजाराम एकेकाचा निरोप घेत दारापर्यंत आला. लवू दाराशी भिंतीला टेकून उभा होता.

"येतो, लवू," राजाराम म्हणाला.

लवू जमिनीकडे बघत राहिला. राजाराम जरा वेळ थांबला, मग वळला. हातात नारळ होता, हात थरथरत होता, आणि पुढे काय आहे हे त्याला दिसत नसावं.

"साहेब," मागून लवू म्हणाला, "पायरी बघा."